नांगरटीतून अंडी नेणारी गाडी

सन १९४८ च्या ऑक्टोबर महिन्याची ७ तारीख. पॅरिस शहरातील ग्राँ पाले या काचेच्या छताच्या भव्य इमारतीत मोटारगाड्यांचे मोठे प्रदर्शन त्या दिवशी खुले झाले. महायुद्ध संपून तीन वर्षे लोटली होती, तरी फ्रान्समध्ये पेट्रोल अद्याप नियंत्रित होते आणि पोलादाची टंचाई सरली नव्हती. अशा दिवसांत नव्या गाड्या पाहावयास मिळणे हीच एक अपूर्वाई होती. त्यामुळे प्रेक्षकांची रीघ लागली होती. सित्रोएन कंपनीच्या दालनात राष्ट्राध्यक्ष व्हँसाँ ओरिओल यांच्या उपस्थितीत एका गाडीवरील आच्छादन दूर करण्यात आले, आणि पाहणारे क्षणभर गोंधळून गेले.

गाडी करड्या रंगाची होती. तिच्या पुढच्या झाकणाचा पत्रा छपराच्या पत्र्यासारखा पन्हळी होता. छताच्या जागी ताडपत्रीसारखे जाड कापड होते व ते पुढच्या काचेपासून थेट मागच्या टोकापर्यंत पसरलेले होते. खिडकीच्या काचा खाली सरकत नसत; खालचा अर्धा भाग बिजागरीवर वर उचलावा लागे. बैठकी म्हणजे लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर ताणलेले कापड. झगझगीत रंग आणि चकाकत्या पट्ट्या पाहण्यास आलेल्या शहरी मंडळींना हसू आवरेना. या गाडीबरोबर पत्र्याचा डबा उघडण्याचे हत्यारही मिळते काय, अशी चौकशी एका पत्रकाराने केल्याचे सांगतात. कंपनीने झाकणाखालचे इंजिन कोणासही पाहू दिले नाही, त्यामुळे चेष्टेला आणखी भर आला.

वृत्तपत्रांनी टीका केली, परंतु मागणीचे अर्ज येऊ लागले ते थांबेनात. थोड्याच काळात गाडीसाठी तीन वर्षे वाट पाहावी लागेल असे ग्राहकांना सांगण्याची पाळी कंपनीवर आली, आणि पुढे ही मुदत पाच वर्षांपर्यंत गेली. हसणारे कोण होते आणि अर्ज करणारे कोण होते, हे पाहिले म्हणजे या विसंगतीचा उलगडा होतो. ही गाडी प्रदर्शनास येणाऱ्यांसाठी केलेलीच नव्हती. ती ज्यांच्यासाठी केली होती त्यांतील बहुतेकांना त्या दिवशी गोठ्यातली कामे सोडून पॅरिसला येणे शक्यही नव्हते.

मागणीचा कागद

या गाडीचा आरंभ प्रदर्शनाच्या बारा-तेरा वर्षे आधी झाला. सन १९३४ च्या अखेरीस सित्रोएन कंपनीचे दिवाळे वाजले व तिचा कारभार तिची सर्वांत मोठी धनको जी मिशलिन ही टायर बनविणारी कंपनी, तिच्या हाती गेला. नव्या व्यवस्थापकांत पिएर बुलांझे हे गृहस्थ होते. फ्रान्समध्ये त्या काळी लोकसंख्येचा फार मोठा भाग खेड्यांत राहत असे. शहरात मोटारी वाढत होत्या. खेड्यात मात्र घोडा आणि दोन चाकांचा छकडा हेच वाहन होते. बाजार दहा-पंधरा किलोमीटरवर असला म्हणजे शेतकऱ्याचा अख्खा दिवस जाण्यायेण्यात मोडे. या माणसाला मोटार का घेता येत नाही, त्याला ती कशासाठी हवी आहे आणि तो किती पैसे देऊ शकेल, याची चौकशी कंपनीने लोकांमध्ये जाऊन केली. टायर विकणाऱ्यांनी नवे मोटारवाले शोधावेत यात त्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे. परंतु विचारले ते नेमके विचारले, हेही मान्य केले पाहिजे.

या चौकशीवरून बुलांझे यांनी आपल्या अभियंत्यांस जी मागणी घातली, ती वाहनांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लाकडी जोडे घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे किंवा दारूचे लहान पिंप इतका भार गाडीने वाहून न्यावा. वेग ताशी साठ किलोमीटर असावा. शंभर किलोमीटरला तीन लिटरहून अधिक पेट्रोल लागू नये. वाईटांत वाईट रस्त्यावर ती चालावी. नवशिक्या माणसाला, घरातील बाईलादेखील, ती सहज हाकता यावी. अंड्यांची टोपली ठेवून ती नांगरलेल्या शेतातून नेली तर एकही अंडे फुटू नये. किंमत कंपनीच्या त्या वेळच्या मोठ्या गाडीच्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ नये. आणि दिसण्याचे महत्त्व सर्वांत शेवटी.

या कलमांपैकी एकही वरवर घातलेले नाही. लाकडी जोडे हे तेथील शेतकऱ्याचे रोजचे पायताण. ते रुंद आणि जड असते. ते काढून ठेवून मोटार हाकावी अशी अपेक्षा धरली, तर चिखलातून आलेला माणूस ती गाडी वापरणारच नाही. म्हणून पायाखालचे खटके जोड्याच्या मापाने ठेवावयास हवेत. पन्नास किलो बटाटे म्हणजे एक पोते, एका माणसाने एका वेळी उचलून आत टाकावयाचे. साठ किलोमीटर वेग शहरी माणसाला कमी वाटला, तरी घोड्याच्या चालीने जाणाऱ्याला तो पुष्कळ होता. अंड्यांविषयीच्या अटीवर लोक सर्वांत जास्त हसले. परंतु अंडी ही खेड्यात घरधनिणीच्या हातची रोकड असते. पन्नास अंड्यांतील दहा वाटेत फुटली तर बाजाराचा फायदा वाटेतच सांडतो. नांगरटीचा उल्लेखही अतिशयोक्तीचा नव्हे, कारण अनेक वाड्यांपर्यंत रस्ताच नव्हता आणि शेताच्या कडेने किंवा शेतातूनच जावे लागे.

अभियंत्यांचे प्रमुख आंद्रे लफेव्र हे पूर्वी विमाने बनविण्याच्या धंद्यात होते. विमानात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तोच शिरस्ता त्यांनी येथे लावला. गाडीचा प्रत्येक भाग तोलून पाहावयाचा आणि काम न बिघडवता तो हलका करावयाचा, यासाठी निराळा विभागच नेमलेला होता. बुलांझे स्वतः उंच होते. प्रत्येक नवा नमुना तयार झाला म्हणजे ते डोक्यावरची टोपी न काढता त्यात जाऊन बसत. टोपी छताला लागली की नमुना परत जाई. खेड्यातील शेतकरी रविवारी टोपी घालूनच बाहेर पडतो, हे त्यामागचे कारण. असे चाळीसहून अधिक वेगवेगळे नमुने झाले.

कोठारातील पाच गाड्या

सन १९३९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस गाडी सिद्ध झाली. त्या ऑक्टोबरमधील पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडावयाची, असे ठरून सुमारे अडीचशे गाड्यांची पहिली तुकडी तयारही होत आली. तोच ३ सप्टेंबर रोजी फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. प्रदर्शन रद्द झाले. पुढे जर्मन फौजांनी देश व्यापल्यावर ही रचना शत्रूच्या हाती पडू नये म्हणून कंपनीने त्या गाड्या मोडून टाकल्या व थोड्या लपवून ठेवल्या. ला फेर्ते-व्हिदाम या गावी कंपनीचे चाचणीचे मैदान होते. तेथील एका कोठाराच्या माळ्यावर ठेवलेल्या तीन गाड्या तर पुढे १९९० नंतरच्या दशकात लोकांच्या दृष्टीस पडल्या. एकूण पाचच गाड्या वाचल्याचे आढळते. त्यांना पुढे एकच दिवा आहे, कारण कायद्याला त्या वेळी एक दिवा पुरत असे आणि दुसऱ्याचा खर्च वाचत असे.

युद्धकाळात काम पूर्ण थांबले नाही, आणि त्यात एका दृष्टीने गाडीचे हितच झाले. पहिल्या गाडीत ॲल्युमिनियमसारखे हलके पण महाग धातू पुष्कळ वापरले होते व तिचे इंजिन पाण्याने थंड होणारे होते. युद्धानंतर ॲल्युमिनियमचा भाव परवडेना, म्हणून सांगाडा पोलादी पत्र्याचा केला. पोलादाने वजन वाढले, तेव्हा वॉल्टर बेकिया या अभियंत्याने अगदी नवे इंजिन आखले. १९४८ साली जी गाडी प्रेक्षकांनी पाहिली ती ही दुसरी.

तिचे नाव फ्रेंच भाषेत ‘दे शव्हो’, म्हणजे दोन घोडे, असे पडले. त्या देशात गाडीवरील कर ‘घोड्यां’च्या हिशेबाने बसत असे व ही गाडी सर्वांत खालच्या वर्गांपैकी एका वर्गात, दोन घोड्यांच्या करात, मोडत होती. इंजिनाची खरी शक्ती नऊ अश्वशक्ती होती.

अंडी कशी वाचली

बैलगाडीचे पुढचे चाक दगडावर चढते तेव्हा साटा मागे झुकतो. चाक उतरताच तो पुढे आदळतो. चारचाकी वाहनातही हीच गत होते. पुढचे चाक वर गेले की गाडीचे नाक वर उडते, मग मागचे चाक त्याच ढेकळावर चढते आणि शेपूट उडते. आतील माल या दोन हिसक्यांच्या मध्ये सापडतो. नुसत्या मऊ कमानी घातल्याने हे थांबत नाही. डोलणे वाढते मात्र.

दे शव्होच्या रचनेत प्रत्येक चाक स्वतंत्र लोखंडी बाहूवर बसविले होते. पुढचा बाहू पुढे व मागचा मागे रोखलेला. एका बाजूच्या पुढच्या व मागच्या बाहूंस दोन दांड्या जोडून त्या गाडीच्या बाजूला आडव्या ठेवलेल्या एकाच नळकांड्यातील स्प्रिंगांना अडकविलेल्या असत. पुढचे चाक ढेकळावर चढले म्हणजे त्याची दांडी नळकांडे पुढे ओढी. त्या ओढीने मागचा बाहू खाली रेटला जाई, आणि गाडीचा मागचा भागही थोडा उचलला जाई. अशा रीतीने नाक एकटे न उडता सबंध गाडी सपाटच्या सपाट किंचित वर होई. मागचे चाक ढेकळावर आले म्हणजे हीच क्रिया उलट दिशेने घडे. चाकांना वर-खाली होण्यास वावही पुष्कळ ठेवलेला होता. वळणावर गाडी एका अंगाला इतकी कलत असे की नवख्याला ती आता उलटणार असे वाटे, तथापि चारही चाके जमीन सोडीत नसत.

इंजिन ३७५ घन सेंटिमीटरचे होते. सन २००५ मध्ये आपल्याकडे निघालेल्या आणि गावोगाव ‘छोटा हत्ती’ या नावाने परिचित झालेल्या मालगाडीचे इंजिन ७०२ घन सेंटिमीटरचे होते. त्याच्या निम्म्याहून हे थोडेच मोठे. दोन नळकांडी समोरासमोर आडवी ठेवलेली व दोन्ही वाऱ्याने थंड होणारी. पाणी नाही, म्हणून पाण्याची टाकी नाही, रबरी नळ्या नाहीत, पंप नाही. हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटण्याची भीती नाही, आणि उन्हाळ्यात चढावावर पाणी उकळण्याची नाही. वारा घालणारा पंखा इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच बसविल्याने त्याला पट्टा लागत नसे, आणि जो पट्टा नाही तो तुटतही नाही. बुलांझे यांना गतीचे तीनच टप्पे हवे होते. बेकिया यांनी तेवढ्याच जागेत चार बसविले आणि चौथा हा खरा टप्पा नसून सपाट रस्त्यावर पेट्रोल वाचविण्याची सोय आहे असे सांगून तो मान्य करून घेतला. वरिष्ठांची समजूत कशी घालावी याचेही एक शास्त्र असते.

झाकणाच्या पन्हळी पत्र्याचे कारण आपल्या घरावरील पत्र्यात आहे. पातळ सपाट पत्रा दोन टोकांस धरला तर मध्ये वाकतो. त्यास पन्हळी पाडल्या की तोच पत्रा ताठ राहतो. त्यामुळे जाड पत्रा लागत नाही आणि वजन व पैसा दोन्ही वाचतात. कापडी छत गुंडाळून मागे सारले म्हणजे उभा माल, प्रसंगी एखादे वासरूही, आत ठेवता येई. बैठकी काढून बाहेर घेता येत. शेतावर जेवताना त्यांवरच बसणारे पुष्कळ होते. काच पुसण्याचा दांडा वेगदर्शकाच्या तारेवर चाले, म्हणून गाडी हळू चालली की काच हळू पुसली जाई आणि थांबली की पुसणे थांबे. पेट्रोल किती उरले हे टाकीत पट्टी बुडवून पाहावे लागे. मागे जड माल भरला की गाडीचे नाक वर होऊन दिव्यांचा झोत आभाळाकडे जातो. तो खाली आणण्यासाठी हाताशी एक मूठ दिली होती. रात्री बाजाराहून परतणाऱ्याची अडचण ज्याने स्वतः पाहिली असेल त्यालाच हे सुचेल.

इंजिन सुरू करण्यासाठी आधी दोरी ओढावी लागे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती पद्धत सोडून विजेवर सुरू होणारी कळ घालण्याचे ठरले, कारण दोरी ओढण्याचे काम सर्वांच्या हातचे नव्हते आणि गाडी घरातील बाईला हाकता यावी ही मूळ अट होती.

सर्वच अटी पुऱ्या झाल्या असे मात्र नाही. तीन लिटरांत शंभर किलोमीटर जाण्याचे लक्ष्य विक्रीच्या गाडीला गाठता आले नाही. तिला चार-पाच लिटर लागत. चढावावर भरलेली गाडी फार मंद जाई. सुमारे पाचशे किलो वजनाच्या गाडीला नऊ अश्वशक्ती म्हणजे बेताचेच सामर्थ्य होते.

आधी कोणास?

गाड्यांचे उत्पादन सन १९४९ च्या जुलैमध्ये सुरू झाले तेव्हा दिवसास चार गाड्या बाहेर पडत. त्या वर्षी एकूण ८७६ गाड्या झाल्या व पुढील वर्षी ६,१९६. मागणीच्या मानाने हा आकडा फारच लहान होता. अशा वेळी जो अधिक पैसे देईल त्याला आधी माल देणे हा व्यापाराचा सोपा मार्ग असतो. कंपनीने निराळा क्रम लावला. ज्यांचे काम गाडीवाचून अडते, त्यांस आधी. त्यांत खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर, पशुवैद्य, सुइणी, धर्मोपदेशक आणि लहान शेतकरी यांची गणना केली. याचा परिणाम असा झाला की वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकू लागली, कारण जुनी आज मिळत होती आणि नवीसाठी काही वर्षे थांबावे लागत होते. काळा बाजार याहून निराळा काय असतो, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्यास सरळ उत्तर नाही.

तरीही या क्रमात एक व्यवहारी शहाणपण होते. शेतकऱ्याला स्वतःची गाडी मिळण्यास तीन वर्षे लागली, तरी पशुवैद्याला ती पहिल्या वर्षी मिळाली तर तिचा उपयोग त्या टापूतील शेकडो गोठ्यांना होतो. रात्री गाय अडली, वासरू आडवे आले, अशा वेळी वैद्य दोन तासांत आला की पहाटे आला यावर दोन जीव अवलंबून असतात. सुईण आणि बाळंतीण यांच्याविषयी तर बोलावयासच नको. ग्रामसेवकांस हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. सन १९५२ च्या २ ऑक्टोबरपासून आपल्या देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हा विकास गटाला एक जीप मिळे व ग्रामसेवकाच्या वाट्याला बहुधा सायकल येई. ती एक जीप आज कोणत्या गावी जावी, लसीची पेटी घेऊन की पाहुण्यांना घेऊन, हा प्रश्न त्या काळी गटागटांत रोज सोडवावा लागत असे.

सन १९५१ मध्ये याच सांगाड्यावर अडीचशे किलो माल नेणारी लहान मालगाडी निघाली. मागचा भाग पन्हळी पत्र्याच्या पेटीसारखा असल्याने पाववाले, टपाल खाते आणि भाजी पिकविणारे शेतकरी यांच्यात ती फार चालली. बुलांझे यांना मात्र हे यश पाहावयास मिळाले नाही. नोव्हेंबर १९५० मध्ये मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

अँग्लसीच्या शेतावरील जीप

त्याच १९४८ साली, पॅरिसच्या पाच महिने आधी, ३० एप्रिल रोजी हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात आणखी एका शेती-वाहनाने प्रथम दर्शन दिले. ते इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे लँड रोव्हर होय. दे शव्होची जन्मकथा लोकांना विचारण्यापासून सुरू होते. लँड रोव्हरची एका माणसाच्या स्वतःच्या शेतावर सुरू झाली.

मॉरिस विल्क्स हे रोव्हर कंपनीचे प्रमुख अभियंते. वेल्सच्या वायव्येस अँग्लसी नावाचे बेट आहे, तेथे त्यांची शेती होती. युद्धानंतर सैन्याने विकलेली एक अमेरिकी जीप त्यांनी शेतकामासाठी घेतली होती. चारही चाकांना जोर मिळत असल्याने ती चिखलात व वाळूत अडत नसे. परंतु ती जुनी होती आणि तिचे सुटे भाग मिळणे कठीण होते. ही मोडली म्हणजे काय करणार, असे त्यांचे बंधू स्पेन्सर विल्क्स यांनी विचारले. दुसरी जीप घेईन, कारण दुसरे काही मिळतच नाही, असे मॉरिस यांनी सांगितल्याची कथा आहे. स्पेन्सर हे कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. जी वस्तू आपल्याला हवी आहे व बाजारात नाही, ती आपणच का बनवू नये, हा विचार दोघांनाही पटला. सन १९४७ मध्ये बेटाच्या किनाऱ्यावरील वाळूत मॉरिस यांनी गाडीची आकृती रेखून दाखविली, असे सांगितले जाते. पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला.

टंचाईने येथेही रूप ठरविले. इंग्लंडमध्ये पोलाद नियंत्रित होते आणि जो कारखाना निर्यात करील त्यालाच ते पुरेसे मिळे. म्हणून गाडीचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. युद्धात विमानांसाठी लागणारा हा धातू आता सहज मिळत होता, शिवाय तो गंजत नाही. वाकड्या पत्र्यांचे साचे महाग पडतात, म्हणून बहुतेक पत्रे सपाट ठेवले. गावच्या लोहारालाही ते ठोकून सरळ करता येत. सांगाडा पोलादाच्या सपाट पट्ट्या जोडून पेटीच्या आकाराचा बनविला. रंग हिरवा दिला, तो सैन्याच्या उरलेल्या रंगांतील होता. किंमत ४५० पौंड होती. दारे व छप्पर हवे असल्यास आरंभी त्यांचे पैसे निराळे पडत.

या गाडीत शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आज आपल्या ट्रॅक्टरमुळे सर्वांस परिचित आहे. ती म्हणजे शक्ती बाहेर काढून घेण्याची सोय, पी. टी. ओ. गाडी उभी करून इंजिनाची शक्ती चाकांऐवजी दुसऱ्या दांड्याकडे वळविता येई. गाडीच्या मध्यभागी व मागे अशी दोन ठिकाणी ही सोय घेता येई. तेथे कप्पी लावून पट्टा चढविला की मळणीयंत्र चाले, लाकूड कापण्याची चक्राकार करवत चाले. ज्या शेतावर वीज पोहोचली नव्हती तेथे रस्त्यावर धावणारे इंजिन दिवसभर खळ्यावरही राबू लागले. कंपनीने तिला नांगरही जोडून दाखविला. परंतु नांगरटीत ट्रॅक्टरशी तिचा टिकाव लागण्यासारखा नव्हता. हॅरी फर्ग्युसन यांचा लहान ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये १९४६ पासून निघतच होता, आणि नांगर त्याच्याकडेच राहिला. लँड रोव्हरने माल ओढला, कुंपणाचे खांब नेले, आजारी मेंढ्या आणल्या आणि खळ्यावरची यंत्रे फिरविली.

येथे ओघाने एक सूचना देणे अवश्य आहे. आजच्या ट्रॅक्टरवरील पी. टी. ओ.चा दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, उपरण्याचे टोक किंवा मोकळे केस त्यात अडकल्यावर हात मागे घेण्यास अवधी मिळत नाही. दांड्यावरील संरक्षक आच्छादन अनेक ठिकाणी वंगण घालण्याच्या निमित्ताने काढले जाते व पुन्हा बसविले जात नाही. ते बसविल्याशिवाय मळणीयंत्र सुरू करू नये, आणि दांडा फिरत असता त्यावरून ओलांडून जाऊ नये. मुलांना तर खळ्यावर त्याच्या आसपास फिरकू देऊ नये.

प्रदर्शनात उभे राहून

हल्ली आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी कृषी प्रदर्शने भरतात. त्यांत नव्या मालगाड्या, लहान ट्रॅक्टर व विजेवर चालणारी वाहने मांडलेली असतात, आणि ग्रामसेवक शेतकऱ्यांना घेऊन तेथे जातात. रंग व आकार डोळ्यांना लगेच दिसतात. बुलांझे यांच्या कागदातील कलमे दिसत नाहीत. ती विचारावी लागतात. मालगाडी किती किलो नेते हे पाटीवर लिहिलेले असते, पण आपल्या मालाचे पोते किंवा कॅरेट तिच्या हौद्यात किती मावतात हे टेप लावून पाहावे. मागची फळी किती उंचीवर आहे, म्हणजे एकट्या माणसाला पोते चढविता येईल काय, हे प्रत्यक्ष उचलून पाहण्यास कोणी मनाई करीत नाही. कोणता भाग बिघडल्यास तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होतो व कोणत्यासाठी गाडी शहरात न्यावी लागते, हे विक्रेत्यास विचारावे, आणि त्याचे उत्तर तीच गाडी वापरणाऱ्या शेतकऱ्याकडून पडताळून घ्यावे. टोमॅटो, द्राक्षे, अंडी असा नाजूक माल असल्यास गाडी रिकामी चालवून पाहण्यात अर्थ नाही. रिकामी गाडी हिसके देते व भरलेली शांत चालते, किंवा याच्या उलटही घडते. आपल्या वाडीचा रस्ता, आपला माल आणि आपला चालक यांसह एक खेप करून पाहण्याची मागणी करण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

विजेवरील वाहनाबाबत आणखी एक प्रश्न विचारावा लागेल. भरलेल्या अवस्थेत, घाट किंवा चढाव असताना, एका भरणीत ते किती किलोमीटर जाते? पाटीवरील आकडा बहुधा सपाट रस्त्याचा असतो.

रोव्हर कंपनीला आपली ही शेतगाडी दोन-तीन वर्षे पोलाद मिळविण्यापुरती काढावयाची होती. ती सॉलिहलच्या कारखान्यातून ६७ वर्षांहून अधिक काळ बाहेर पडत राहिली. जुन्या धाटणीची शेवटची गाडी २९ जानेवारी २०१६ रोजी निघाली, तोपर्यंत त्यांची संख्या वीस लाखांवर गेली होती. दे शव्होचे उत्पादन फ्रान्समध्ये आधी बंद झाले. शेवटची गाडी २७ जुलै १९९० रोजी पोर्तुगालमधील मांग्वाल्द येथे तयार झाली. मालगाड्या सोडून अडतीस लाखांहून अधिक दे शव्हो त्या वेळेपर्यंत झाल्या होत्या. अखेरच्या वर्षांत ती घेणारे बरेचसे शहरातील तरुण होते. पुढच्या झाकणावर पन्हळी तेव्हाही होत्या, छत कापडीच होते, आणि इंजिन तेव्हाही वाऱ्यानेच थंड होत होते.